गरुडाला वगळून: प्राणिवर्तनावरून ‘सवय-वही’, इंदूर (प्रकल्प नोंदी)

काम: सवयी लावण्या-सोडण्यासाठी ४८ पानांची वही आणि तिच्यासोबत रविवार सकाळचे दीड तासाचे वर्ग. जागा: इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयाचे सभागृह. नोंदी संपादन गटाच्या.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिले काम छाटणीचे. ‘प्राण्यांकडून शिका’ छापाचा जो मजकूर सभासदांकडून आला, त्यातला बहुतेक बाद झाला. सगळ्यात आधी गरुड. चाळिशीत तो डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नखे-पिसे उपटतो, नवी फुटेपर्यंत पाच महिने थांबतो आणि पुढे तीस वर्षे जगतो, ही गोष्ट प्रत्येक मोबाइलवर आहे. चोच म्हणजे हाडावरचे केरॅटिनचे आवरण. ते आयुष्यभर वाढते आणि वापराने झिजते. चोच मोडलेला गरुड नवा होत नाही, उपाशी मरतो.

हळूहळू तापणाऱ्या पाण्यातला बेडूकही गेला. १८६९ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ गोल्ट्झ यांनी हे करून पाहिले होते. बसून राहिला तो मेंदू काढलेला बेडूक. शाबूत बेडूक पाणी तापू लागताच बाहेर पडायची धडपड करू लागला. सुविचार लिहिणाऱ्यांनी मेंदूचा तपशील तेवढा गाळला.

मुंगीवर वाद झाला. ‘मुंगी कधी थांबत नाही’ हे चूक आहे. टेम्नोथोरॅक्स गटातल्या मुंग्यांच्या वारुळांत एकेका मुंगीवर रंगाचे ठिपके देऊन चित्रण केले, तेव्हा कामकऱ्यांपैकी मोठा हिस्सा बहुतेक वेळ नुसता बसून असतो असे दिसले. कामसू मुंग्या काढून घेतल्या की या बसलेल्यांतल्या काही उठून त्यांची जागा घेतात. म्हणून मुंगी ठेवली, पण ‘आठवड्यातला एक कोरा दिवस’ या पानावर. ज्या वेळापत्रकात राखीव वेळ नाही, ते पहिल्या पाहुण्याबरोबर कोसळते.

नियम ठरला. प्रत्येक पानावर तीन रकाने: प्राण्याने नेमके काय केले, कोणत्या अटीत केले, ती अट घरात कशी मांडायची. तिसरा रकाना भरता आला नाही तर पान रद्द. सिंहाचा बाणा, लांडग्याची निष्ठा आणि हत्तीची स्मरणशक्ती तिथेच संपली.

१७ नोव्हेंबर

सिरपूर तलाव, सकाळी ७ ते ८.३०. २०२२ पासून हा तलाव रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. प्राणी संग्रहालयाचा पर्याय होता, पण माणसांच्या गर्दीने पिंजऱ्यातले वर्तन बदलते आणि नवख्या निरीक्षकाला त्यातले काय कशामुळे हे वेगळे करता येत नाही.

आजचा धडा मोजणीचा. पद्धत प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांच्या १९७४ च्या निबंधातली, जंगलात प्राणी पाहणारे बरेच जण अजून ती वापरतात: एक प्राणी निवडा, ठरावीक वेळाने मान वर करा, त्या क्षणी तो जे करत असेल तेवढेच लिहा. आम्ही वंचक बगळा घेतला, कारण तो उडून जात नाही आणि कंटाळवाणा आहे. दर ३० सेकंदांनी एक खूण, २० मिनिटांत ४० खुणा. साहित्य: क्लिपची पाटी, शिसपेन्सिल (दवाने कागद ओलावतो, बॉलपेन घसरते), कंप देणारे घड्याळ.

चुका ठरलेल्या असतात. ‘शिकार करतोय’ ही नोंद नव्हे, तो अंदाज. ‘मान आखडलेली, पाय स्थिर’, ‘मान ताणलेली’, ‘चोच पाण्यात’, ‘पाऊल टाकले’ या नोंदी. दोघांनी एकाच बगळ्याच्या वेगवेगळ्या वह्या भराव्यात. ४० पैकी ३२ पेक्षा कमी खुणा जुळल्या तर दोष डोळ्यांचा नसतो, व्याख्यांचा असतो. यादी परत लिहावी.

हेच पुढे स्वतःवर. अभ्यासाच्या टेबलाची वर्तनसूची सहा ते आठ ओळींची: डोळे पुस्तकावर, हात लिहिता, फोन हातात, खुर्चीतून उठलेला, दुसऱ्याशी बोलणे, इतर. ‘आळस’ हा शब्द यादीत चालणार नाही, कारण तो दिसत नाही. ‘इतर’मध्ये दहापैकी एकाहून जास्त खुणा पडल्या तर यादी अपुरी आहे.

घड्याळ मात्र बगळ्यासारखे नियमित ठेवू नये. दर दहा मिनिटांनी वाजणार हे माहीत असले की माणूस नवव्या मिनिटाला ताठ बसतो. बगळा बसत नाही. म्हणून डब्यात ३ ते १८ पर्यंतच्या चिठ्ठ्या. एक काढायची, न वाचता घरातल्या दुसऱ्याकडे द्यायची, त्याने तितक्या मिनिटांचा गजर लावायचा. तरीही मोजणी सुरू झाली की वागणे सुधारतेच, म्हणून पहिल्या तीन दिवसांच्या खुणा हिशेबात धरायच्या नाहीत.

२४ नोव्हेंबर

पायऱ्यांचे पान. नमुना मीरकॅटचा (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी). कालाहारीतले मोठे मीरकॅट पिल्लांना विंचू देतात: आधी मेलेला, मग नांगी काढलेला जिवंत, शेवटी नांगीसकट. थॉर्नटन आणि मॅकॉलिफ यांनी २००६ मध्ये हे दाखवले. त्यांच्या कामातला गमतीचा भाग बहुतेक जण सोडून देतात. मोठे मीरकॅट पिल्लाचे कौशल्य तपासत नाहीत. ते त्याच्या भुकेच्या आवाजावरून वय ओळखतात. लहान पिल्लांच्या टोळीत मोठ्या पिल्लांचा आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला तर ते जिवंत विंचू जास्त आणू लागतात.

पहिल्या मसुद्यात आम्हीही कौशल्य न पाहता कॅलेंडरच लावले होते: ‘दुसरा आठवडा: १० मिनिटे, तिसरा आठवडा: २० मिनिटे.’ एका वयाची पिल्ले साधारण सारख्या वेगाने वाढतात, म्हणून मीरकॅटचे कॅलेंडर चालते. पन्नाशीतले सभासद आणि अकरावीची मुलगी यांचे चालणार नाही. कॅलेंडर काढून टाकले. त्याजागी कुत्रे शिकवणाऱ्यांचा पाचाचा नियम: एका पायरीचे पाच प्रयत्न, पाचही जमले तर वर, तीन-चार जमले तर तिथेच, दोन किंवा कमी तर एक पायरी खाली. खाली येण्याचा रकाना वहीत छापलेला हवा. तो नसला की लोक खाली येत नाहीत, सोडून देतात.

रियाजाचे उदाहरण पूर्ण लिहिले. पायरी १: तानपुऱ्याची गवसणी काढून समोर बसणे, एवढेच. २: जुळवणे. ३: पाच मिनिटे षड्ज. ४: दहा मिनिटे. ५: दहा मिनिटे, घरात माणसे असताना. चार आणि पाचमध्ये वेळ वाढवलेली नाही हे मुद्दाम. काळ, जागा आणि व्यत्यय या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. नवीन व्यत्यय आणला तर काळ वाढवू नये.

पहिली पायरी हास्यास्पद वाटली पाहिजे. वाटत नसेल तर ती मोठी आहे.

१ डिसेंबर

बक्षीस कधी. थॉर्नडाइक यांच्या १८९८ च्या पेटीतल्या मांजरींपासून सुरुवात: कडी उघडली की दार लगेच उघडते, मासा समोर. मांजर ‘समजून’ शिकत नाही. निरुपयोगी धडपड गळत जाते, कामाची हालचाल उरते, आणि पेटीत घालवलेला वेळ प्रयत्नागणिक उड्या मारत पण एकूण उतरत जातो. वहीतल्या आलेखातही रेघ अशीच वाकडी येणार, हे आधीच छापले. सरळ रेघेची अपेक्षा ठेवणारे पाचव्या दिवशी वही बंद करतात.

बक्षीस कृतीच्या लगेच नंतर यावे, सेकंदांच्या हिशेबात. ‘आठवडाभर चाललो तर शनिवारी रात्री सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गराडू (तळलेला कंद)’ हे बक्षीस चालण्याला मिळत नाही. ते सराफ्यात जाण्याला मिळते, आणि तिथे जायला कोणालाच प्रोत्साहन लागत नाही. प्राणी शिकवणारे ही दरी क्लिकरच्या (दाबले की ‘टिक्’ वाजणारी डबी) आवाजाने भरतात, पण तो आवाज आधी खाऊशी जोडावा लागतो. माणसासाठी वहीतली खूण ते काम करते, अट एकच: कृती संपताक्षणी करायची, रात्री बसून सात दिवसांच्या खुणा भरायच्या नाहीत.

नवे बक्षीस शोधण्यापेक्षा क्रम बदलणे स्वस्त पडते. डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व: जी कृती आपणहून जास्त घडते, ती कमी घडणाऱ्या कृतीच्या मागे लावली की कमी घडणारी वाढते. चहा होणारच आहे. चहा आधी आणि प्राणायाम नंतर असेल तर प्राणायाम राहतो. उलट करून पाहायचे. यात बिघडते ते एकाच ठिकाणी: थंडीचा दिवस, ‘आज आधी घोटभर’. ती सूट घरातल्या चहा करणाऱ्याच्या हातात असते, म्हणून करार त्या व्यक्तीशी करायचा.

स्किनर यांची १९४८ ची कबुतरे अर्ध्या पानावर. काहीही केले तरी ठरावीक सेकंदांनी दाणे मिळत होते, तरी आठापैकी सहा कबुतरांनी काही ना काही विधी लावून घेतला: गोल फिरणे, मान कोपऱ्यात खुपसणे. पुढे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी यातल्या बऱ्याच हालचाली दाण्याची वेळ जवळ आली की एरवीही होतात असे दाखवले, म्हणून ‘अंधश्रद्धा’ हा शब्द जपून. वहीपुरता उपयोग असा: तेच पेन, तीच खुर्ची, तोच वॉलपेपर यांतले एकेक पाच दिवस काढून पाहा. खुणा घटल्या नाहीत तर ते दाणे आपोआप पडत होते.

८ डिसेंबर

सभागृह दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेले. वर्ग नाही. छपाईचे काम: ए-फोर कागद मध्ये दुमडून, मधोमध दोन पिना. चकचकीत कागद नाकारला, त्यावर पेन्सिल उठत नाही.

१५ डिसेंबर

मोहाचे पान. या वहीतले हे सगळ्यात कामाचे पान आहे, म्हणून दोन वर्ग देणार.

रॅक्लिन आणि ग्रीन यांचा १९७२ चा प्रयोग. कबुतरासमोर दोन कळा. एक टोचली तर लगेच २ सेकंद दाणे. दुसरी टोचली तर ४ सेकंद थांबून ४ सेकंद दाणे. दुप्पट मिळत असूनही कबूतर लगेचचे घेते, जवळजवळ दरवेळी. आता याच्या आधी एक पायरी जोडली: आधी निवडा, पुढे दोन्ही कळा समोर याव्यात, की फक्त थांबायला लावणारी एकच? ही आधीची निवड मोहाच्या अगदी तोंडावर असली तर कबूतर दोन्ही कळांचाच रस्ता धरते आणि पुढे घसरते. हे अंतर काही सेकंदांनी वाढवत नेले तसा कल उलटला. कबूतर स्वतःच मोहाची कळ बंद करणारा रस्ता निवडू लागले.

कबूतर तेच, दाणे तेवढेच. निवड कधी केली, एवढेच बदलले.

पान असे मांडले: मोह किती वाजता, निवड आत्ता किती वाजता होते, निवड किती आधी सरकवता येईल, कुलूप काय. सराफा सोन्या-चांदीची दुकाने मिटल्यावर सुरू होतो. साडेनऊला राजवाड्याजवळ उभे राहून ‘आज फक्त फिरून येऊ’ ही निवड शून्य सेकंद आधीची. संध्याकाळी सातला घरी पोटभर जेवणे आणि खिशात शंभरच्या वर पैसे, फोनमध्ये पैसे भरायचे ॲप न ठेवता निघणे ही अडीच तास आधीची. घरी यायचा रस्ता छप्पन दुकान या खाऊगल्लीवरून जात असेल तर निर्णय ऑफिसमधून निघताना घ्यायचा, सिग्नलवर नव्हे. फोनसाठी: चार्जर स्वयंपाकघरात, फोन साडेनऊला तिथे. अंथरुणात पडल्यावर साडेदहाला ठेवायचा असे ठरवले तर तो ठेवला जात नाही.

कुलूप कुठे निकामी होते? जे त्याच क्षणी, त्याच हाताने उघडते ते कुलूप नव्हे. कबुतरासमोर दुसरी कळच नव्हती. ॲपवरची ‘आणखी १५ मिनिटे’ ही कळ समोर आहे. दुसऱ्याच्या हातात दिलेला पासवर्ड चालतो, पण तो दुसरा माणूस मऊ मनाचा नसावा.

२२ डिसेंबर

त्याच पानाचा दुसरा वर्ग, आणि त्यातून वाईट सवय सोडण्याकडे.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक टिनबर्गन यांच्या प्रयोगांतला ऑयस्टरकॅचर हा किनाऱ्यावरचा पक्षी आपले अंडे सोडून कितीतरी मोठ्या बनावट अंड्यावर बसायला धडपडतो. अंडे ओळखण्याची खूण ‘मोठे’ अशी असेल, आणि निसर्गात भलतेच मोठे अंडे नसेल, तर वरची मर्यादा कधी घडतच नाही. तेल, मीठ आणि कुरकुरीतपणा एका मुठीत देणारी लवंगी सेव हे आपले बनावट अंडे. न संपणारे रील्स हे दुसरे. अशा वस्तूंशी ‘थोडेसे’चा करार करणे अवघड जाते, डबा नजरेआड ठेवून भागत नाही, तो घरातच नको.

मग विझवणे. जेवताना पानाशेजारी बसणाऱ्या कुत्र्याचे उदाहरण सगळ्यांना कळते. तुकडा देणे बंद केले की कुत्रा शांत होत नाही, आधी जास्त भुंकतो, पंजा मारतो. हा उसळीचा काळ. त्या शिखरावर आजीने पोळीचा एक तुकडा टाकला तर कुत्रा शिकतो की एवढ्या जोरात भुंकावे लागते. शिवाय कधीमधी मिळणारे बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा सवयीला जास्त चिवट करते. फोन तपासण्याचेही असेच: दहा वेळा काही नसते, अकराव्या वेळी असते.

वहीतल्या पायऱ्या: पाच दिवस नुसती मोजणी. मग बक्षीस बंद (फोनवरच्या सूचना सगळ्या बंद, एकही अपवाद नाही). दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा मूळपेक्षा वर जाऊ शकतो. त्या जागी आलेखावर फिकट पट्टा छापला, ‘इथे वर जाणे अपेक्षित’ असे लिहून. हा पट्टा नसलेल्या मसुद्यात वाचणाऱ्याने वाढ म्हणजे अपयश मानले होते. शेवटी, हाताला दुसरे काम द्यायचे. कुत्र्याला गोणपाटावर बसायला शिकवले की तो टेबलाशी नसतो, एका वेळी दोन्हीकडे बसता येत नाही.

मार्क बाउटन यांच्या उंदरांवरच्या कामाने आणखी एक सूचना दिली. विझलेली सवय पुसली जात नाही. ज्या जागी विझवली त्या जागेपुरती दबते. जागा बदलली की परत उठते. इंदूरला सोडलेली तंबाखू लग्नाला देवासला गेल्यावर परत येते, ती अशी. म्हणून सोडण्याचा सराव निदान तीन ठिकाणी करायचा, आणि जुन्या मित्रमंडळींत जाण्याआधी कुलूप पुन्हा लावायचे.

२९ डिसेंबर

पुन्हा सिरपूर. धुके, आठपर्यंत काही दिसले नाही. नंतर वंचकाच्या जागा बदलण्याची मोजणी. एरिक चार्नोव्ह यांच्या १९७६ च्या सिद्धांतानुसार, एका जागी मिळकत घटत घटत आजूबाजूच्या सरासरीइतकी झाली की उठावे. आणि पुढची जागा जितकी लांब, तितके आहे तिथे जास्त थांबावे. बगळा हे गणित नक्की करतो का, हे एका सकाळीत कळणार नाही. पानाला त्याची गरजही नाही. वहीत उपयोग: ज्या कामाची मांडामांड दहा मिनिटांची (तानपुरा, रंगकाम, शिवणयंत्र), त्याला तासाची बैठक. उच्चारांची कार्डे खिशातून निघतात, त्यांना पाच मिनिटेही पुरतात. पंचवीस मिनिटांचा एकच गजर सगळ्याला लावणे चुकीचे.

५ जानेवारी २०२५

पाठांतराचे पान, आटोपशीर. समुद्री गोगलगाय अप्लिसिया. एरिक कँडेल यांना २००० चे नोबेल या कामासाठी. तिच्या नळीला पाण्याचा हलका फवारा दिला की ती कल्ला आत ओढते, वारंवार दिला की ओढणे कमी होते. रोज १० वेळा असे ४ दिवस दिले तर हा बदल आठवडे टिकतो; तेच ४० एकाच दिवशी दिले तर तितका टिकत नाही. जेमतेम वीसेक हजार चेतापेशी असलेल्या जिवाची ही गत, तर परीक्षेच्या आदल्या रात्रीचे काय. वेळापत्रक: पहिला दिवस, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा. चुकले ते कार्ड परत पहिल्या दिवसावर.

१२ जानेवारी

‘हतबलता’ हे पान लिहिताना सगळ्यात जास्त खाडाखोड. ओव्हरमायर, सेलिगमन आणि मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांत टाळता न येणारे विजेचे झटके बसलेले कुत्रे पुढे झटका टाळता येत असतानाही बसून राहिले. यावरून ‘हार मानायला शिकले’ असे कित्येक वर्षे शिकवले गेले. मायर आणि सेलिगमन यांनीच २०१६ मध्ये हे उलटे केले: दीर्घ त्रासात निपचित पडणे हा मूळ प्रतिसाद आहे, शिकावे लागते ते आपल्या कृतीने फरक पडतो हे.

म्हणून या पानावर ‘खचू नका’ असे काहीही नाही. रोज एक कृती, जिचा परिणाम दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतो: एक कप्पा आवरणे, एका कुंडीची माती उकरणे, एक बिल भरणे. कृती आणि परिणाम दोन्ही लिहायचे. पानाच्या खाली चौकट: दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही बाजूला आणि डॉक्टरकडे. ही चौकट छोट्या टाइपात टाकायची सूचना आली होती, मान्य झाली नाही.

१९ जानेवारी

संक्रांतीचे तिळगूळ आजच्या वर्गात बक्षीस म्हणून ठेवले, फसले. घरोघरी डबे भरलेले. पोट भरलेल्या प्राण्याला दाणा हे बक्षीस राहत नाही. पान १४ वर एक ओळ वाढवायची: सणाच्या आठवड्यात खाण्याचे बक्षीस बंद.

शेवटचे पान ब्रेलंड दांपत्याचे. प्राणी शिकवण्याचा धंदा करणाऱ्या या दोघांनी १९६१ मध्ये आपल्याच फसलेल्या कामांची यादी छापली. रॅकूनला नाणे डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे टाकले, पण दोन दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसला, जणू खेकड्याचे कवच सोलतोय. डुकरे लाकडी नाणी डब्यापर्यंत न्यायची सोडून नाकाने उकरू लागली, आणि बक्षीस सुरू असूनही ते वाढत गेले. वहीत हे ‘कृती बदला’ या मथळ्याखाली गेले: तीन पायऱ्या खाली येऊन, बक्षीस बदलून, कुलूप लावूनही तीन आठवड्यांत खुणा वाढत नसतील तर कृती त्या माणसाच्या धाटणीशी भांडतेय. पहाटे पाचला उठून वाचन होत नसेल तर रात्रीचे करून पाहावे. बसून ध्यान होत नसेल तर चालत.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या: पान ९ वरची चिठ्ठ्यांची मर्यादा ३ ते १८ ऐवजी ५ ते २५, कारण फार लवकर वाजतो अशी तक्रार. पान २२ चा फिकट पट्टा छपाईत उठलाच नाही, तिरप्या रेघांनी दाखवावा. पान ३१, ऑयस्टरकॅचरच्या चित्रात अंडे पुरेसे मोठे नाही. पक्ष्याला त्यावर नीट बसता येतेय असे दिसते. चित्रकाराला परत पाठवले.